धुतलेली द्राक्षं

संजूने द्राक्षांचं पहिलं क्रेट पाठवलं, की हंगाम लागला असं मी समजते. कॅलेंडर नंतर बघते. संजू माझा धाकटा भाऊ, दिंडोरीकडे त्याची बाग आहे. क्रेटच्या मागोमाग त्याचा फोन येतो आणि फोनवर दरवर्षी तेच वाक्य असतं, "ताई, लय धूत बसू नको, एक्सपोर्टचा माल हे." मी दरवर्षी हो म्हणते, फोन ठेवते आणि ओट्यावर मोठं घमेलं मांडते. त्यात पाणी, मूठभर मीठ, चमचाभर खायचा सोडा, आणि घड वीस मिनिटं बुडवून ठेवायचे. मग दुसरं पाणी, मग तिसरं. माझी अख्खी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. लोकांना फळ दिसतं, मला त्याच्यावर काय काय बसलं असेल ते दिसतं. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, की ही बाई एक दिवस पाणीसुद्धा धुऊन पिईल.

या वर्षी घमेलं भरलं, मीठ टाकलं, घड हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. नळ चालू होता. घडावर तो पांढरट धुरकट थर होता, बोट लावलं की पुसला जातो तो. हात पाण्यात जाईना. नळ बंद केला, घड परत क्रेटमध्ये ठेवला आणि खुर्चीत येऊन बसले. आज चार दिवस झाले, क्रेट तसंच आहे. संजूला सांगितलंय, मस्त होती, संपली.

चार दिवसांपूर्वी मुक्ताचा फोन आला होता. मुक्ता माझी एकुलती एक मुलगी. ती, तिचा नवरा अमेय आणि माझी नात रेवा इटलीत डोंगरावरच्या एका लहानशा गावात राहतात. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तरी कोणाला सापडायचं नाही. मुक्ता म्हणाली, असुंता गेली. असुंता म्हणजे त्यांची घरमालकीण, नव्वदी ओलांडलेली बाई. मी आपलं वाईट वाटलं वगैरे म्हणाले, तर मुक्ता म्हणाली, "आई, अजून एक सांगायचंय. तू आधी बस."

बरं झालं बसले. आठ वर्षांपूर्वी, मुक्ताच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा, मी त्या घरात द्राक्षं धुतली होती. त्या धुण्यापायी असुंताचं घर सुटलं. गावाने तिला आंधळी आणि निकामी ठरवलं, मुलाने उचलून शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं, आणि ती तिथेच मेली. आणि मी इकडे आठ वर्षं, दर हंगामात, घमेल्यात मीठ टाकत होते.

म्हणून लिहायला बसले.

तो आश्विन होता. मी कधी देशाबाहेर गेले नव्हते. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओव्याची पुरचुंडी आणि माझ्या सासूबाईंच्या मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी. विमानतळावरच्या माणसाने बाळंतशेपेचा डबा उघडून वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मीच घाबरले. इटली म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कारंजी आणि पुतळे होते. प्रत्यक्षात अमेयच्या गाडीने आम्ही वणीच्या घाटासारखी वळणं घेत घेत वर चढलो आणि रस्ता जिथे संपला तिथे गाव होतं. डोंगराच्या अगदी टाळूवर, घराला घर चिकटलेलं, सगळं दगडाचं. आणि माणूस एक नाही. दुपारचे चार वाजले होते. नाशकात दुपारी चारला रविवार कारंजावर गाडी लावायला जागा मिळत नाही. मी अमेयला विचारलं, आज इथे बंद आहे का कसला.

गावात शिरताना एक भिंत लागते. त्या भिंतीवर फोटो होते, काळ्या चौकटीतले, खाली मोठ्या अक्षरांत नावं. सात-आठ म्हातारे चेहरे एका ओळीत. मी म्हणाले, बरीच माणसं उभी आहेत हो निवडणुकीला. आपल्याकडे चौकात चेहरा लागला, की त्याचा वाढदिवस तरी असतो नाहीतर त्याची कुठेतरी निवड तरी झालेली असते. अमेय हसला नाही. म्हणाला, "आई, ही गेलेली माणसं आहेत. या वर्षातली."

पोटुशी मुलगी घेऊन कोणी अशा गावात राहतं का, असं मी तोंडावर बोलले. पुढे त्या भिंतीची सवय झाली. कोणी गेलं, महिना झाला, वर्षश्राद्ध आलं, उद्या पाणी येणार नाही, कोणाची मांजर हरवली, सगळे कागद त्याच भिंतीवर. सकाळी ब्रेडची गाडी हॉर्न वाजवत आली, की माणसं पिशव्या घेऊन आधी भिंतीपाशी जात, चष्मे लावून कागद वाचत आणि मग ब्रेड घेत. भिंतीवर लागलं ते गावाने मानलं, अशी तिथली पद्धत. फोनवर कोणी काही सांगितलं तरी भिंतीवर येईपर्यंत ती नुसती कुजबुज असे.

मुक्ता जुन्या दगडी इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट आहे. त्या गावातलं चर्च भूकंपात तडकलं होतं, ते काम तिच्याकडे होतं, म्हणून ती तिथे गेली आणि भाडं जवळजवळ नसल्यासारखं म्हणून राहिली. नववा महिना लागलेला, तरी संध्याकाळी हळूहळू चालत ती मला गाव दाखवायची. खाली दरीत पूर्वी दलदल होती, डासांनी आणि लुटारूंनी माणसं मरायची, म्हणून लोक वर येऊन बसले. उतारावर दगड रचून पायऱ्या पायऱ्यांची शेतं केली. पाठीवर माती वाहून नेली. अर्धं पीक जमीनदाराचं, अर्धं आपलं. गहू पुरायचा नाही, मग चेस्टनट वाळवून दळायचे आणि त्याच्या भाकऱ्या. ते पीठ मी नंतर खाल्लं, अगदी आपल्या शिंगाड्याच्या पिठासारखं लागतं. मग जमीनदारी गेली आणि त्याच वेळी माणसंही जायला लागली, कोणी खाणीत, कोणी अमेरिकेला, कोणी उत्तरेतल्या कारखान्यात. हे घर अर्जेंटिनाचं, हे तोरिनोचं, असं मुक्ता सांगायची, म्हणजे माणसं जिथे गेली त्या ठिकाणाच्या नावाने घर ओळखायचं. काही दारांना किल्ली बाहेरून लावलेली तशीच होती. मी एक दार सहज ढकललं तर उघडलं. आत टेबलावर कप होता, त्यात धूळ. मी दार परत लावून घेतलं आणि मुक्ताचा हात धरून चालायला लागले.

आमच्या त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे वही आहे, त्यात माझ्या पणजोबांची मोडीतली सही आहे. दर पिढीला कोणीतरी जातं, विधी करतं, नाव चढवून येतं. त्या चर्चमध्येही तशीच वही होती, बाप्तिस्म्याची, म्हणजे जन्मलेल्या बाळांची नावं चढवायची. मुक्ताने मला ती दाखवली. पानंच्या पानं नावं, बारीक अक्षरात, तीनशे-साडेतीनशे वर्षांची. मग शेवटी शेवटी एका पानावर दोन नावं, एका पानावर एक. शेवटचं नाव होतं त्याच्याखाली सगळं कोरं. त्या शेवटच्या नावाचा मुलगा आता कॉलेजात होता, तोही खाली शहरात. वहीतलं कोरं पान बघून मला इतकं दचकायला का झालं, कोणास ठाऊक. लॅबमध्ये मी वाईट रिपोर्ट हजारो लिहिले असतील, सही केली, की पुढचा घेतला.

आणि अशा गावात रेवा आली.

खालच्या शहरातल्या हॉस्पिटलात झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला वर आणलं. गाडी भिंतीपाशी वळली आणि चर्चची घंटा वाजायला लागली. थांबेचना. मला वाटलं कोणी गेलं. मी रेवाला पदराखाली घेतलं. तर दारं उघडायला लागली. जी दारं कायमची बंद आहेत असं मी धरून चालले होते, त्यांतली काही उघडली. काठ्या टेकत, एकमेकांना धरत, वीस-पंचवीस म्हातारी माणसं रस्त्यावर आली. घंटा वाजवणारा पिएत्रो, तोही ऐंशीच्या पुढचा, धापा टाकत खाली आला, गाडीत डोकावला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मी दृष्ट लागू नये म्हणून रेवाला तीट लावली होती. ते काळं बोट बघून एका म्हातारीने मान हलवली, म्हणजे तिला ते बरोबर कळलं होतं.

असुंता आमच्या वरच राहायची. बुटकी, काटक, कायम काळा झगा आणि त्यावर निळा एप्रन, एप्रनला पुढे मोठा खिसा. तिला मराठी येत नाही, मला इटालियन येत नाही, आणि आम्ही दोघी तासन्‌तास बोलायचो. तिने मला चेस्टनट भाजायला शिकवलं, मी तिला बाळाला तेल कसं जिरवायचं ते. मी शेगडीवर ओव्याचा धूर केला तेव्हा ती धावत आली, आग लागली म्हणून. मग बसली आणि स्वतःचे गुडघे पुढे केले. डिंकाचा लाडू तिने पहिल्यांदा चाटला, दुसऱ्यांदा चावला, तिसऱ्या दिवशी मागायला आली. कोणाचा मुलगा लांब आहे हे सांगायला भाषा लागत नाही. तिचा एकुलता एक मुलगा उत्तरेत तोरिनोत होता, नाताळला यायचा.

घराच्या माळ्याची किल्ली तिच्या कमरेला असे. रेवा आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ती काढून मला दिली, कारण बाहेर धुकं आणि भुरभूर, लंगोट वाळेनात. माळ्यावर गेले तर वाशांना आणि बांबूच्या तट्ट्यांवर द्राक्षांचे घड. सोनेरी, छोट्या छोट्या मण्यांचे, कुठे सुरकुतलेले, कुठे डाग, कुठे कोळ्याचं जाळं. आमच्या संजूने असा माल गड्यांसमोरसुद्धा ठेवला नसता. मुक्ताने सांगितलं, की गावात बाळ झालं की ज्या घरात झालं त्या घरमालकिणीने द्राक्षं टांगायची. हिवाळाभर वाळू द्यायची, मग पिळून गोड वाइन एका छोट्या लाकडी पिंपात घालायची, पिंपावर बाळाचं नाव लिहायचं आणि ते बाळाच्या लग्नात उघडायचं. गावातलं असं शेवटचं पिंप त्या कॉलेजातल्या मुलाचं होतं. हे रेवाचं.

मला मुक्ताने हे सगळं सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, बिचारीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. फक्त माझ्या डोक्यात ते असं शिरलं, की हे माझ्या नातीसाठी आहे. आणि माझ्या नातीसाठी आहे म्हणजे स्वच्छ पाहिजे.

एके दिवशी असुंता खाली शहरात डोळे दाखवायला गेली होती. मी ठरवलं, बाईला सुखद धक्का द्यावा. घड उतरवले, टोपल्यांनी खाली आणले, मुक्ताच्या बाथटबमध्ये पाणी, मीठ. सोडा मिळाला नाही. वीस मिनिटं. तीन पाणी. मुक्ता आणि बाळ झोपली होती, अमेय हेडफोन लावून मीटिंगमध्ये. मग वर नेऊन माझ्या शिवणाच्या पुडीतल्या पांढऱ्या रिळाने दोन दोन घड बांधले, ओळीत टांगले, लंगोटांच्या शेजारी. मणी कसे चमकत होते. धुकं आत येऊ नये म्हणून खिडकी घट्ट लावली. खाली आले तर असुंता परत आलेली, इतकी खूश, की दारातूनच तिने एक बोट उजव्या डोळ्यापाशी नेलं, मग डाव्या, आणि मूठ वळून अंगठा वर केला. डॉक्टरने सांगितलं होतं, डोळे चांगले आहेत. मी टाळ्या वाजवल्या. आमच्या दोघींचा इतका चांगला दिवस गेला.

बुरशी मी उभ्या आयुष्यात भिंगाखाली पाहिली. ती कशी वाढते, तिला काय लागतं, हे नवीन मुलींना मीच शिकवायचे. ओल, ऊब आणि कोंडलेली हवा. ते तिन्ही मी स्वतःच्या हाताने त्या माळ्यावर करून ठेवलं.

आठ-दहा दिवसांनी मी लंगोटांची बादली घेऊन वर गेले तर असुंता पाठमोरी उभी होती. वास आधी आला. मग घड दिसले, राखाडी लव आलेले, काही नुसतेच काळे, खाली चिकट ठिपके. तिने तोंडावर हात धरला होता. माझ्या हातातून बादली सुटली. ती वळली, माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं, त्या पांढऱ्या दोऱ्याकडे. तेवढ्यात खालून पिएत्रोच्या काठीचा आवाज आला, तो रोज सकाळी तिच्याकडे कॉफीला यायचा. असुंताने एप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि भराभर दोरे कापायला लागली. घड खाली पडत होते, ती दोरे तेवढे गोळा करून खिशात कोंबत होती. मला वाटलं, काटकसरी बाई, दोरा वाचवते आहे. खरंच सांगते, मला तेच वाटलं.

पिएत्रो वर आला, बघितलं, काही विचारलं. असुंता काहीतरी बोलली, मान खाली घालून. तो जिना उतरून गेला. मी मुक्ताला म्हणाले, तिची माझ्या वतीने माफी माग, सांग की माझं चुकलं. मुक्ता म्हणाली, "सांगितलं मी आई." त्यानंतर असुंता माझ्याशी पूर्वीसारखीच वागली. लाडूसुद्धा मागून घेतला. मार्गशीर्षात माझा व्हिसा संपला. निघताना तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी विमानात बसल्यावर मनाशी म्हणाले, चला, माफ केलं बाईने.

आता मुक्ताने फोनवर जे सांगितलं ते असं. त्या दिवशी असुंता पिएत्रोला म्हणाली होती, की मी द्राक्षं दवात तोडली, ओली टांगली, मला दिसलं नाही. तिने मुक्तालाही गप्प राहायला सांगितलं. गावातल्या बायांना कळलं की बाळाच्या घरच्यांनीच बाळाचं पिंप नासवलं, तर त्या बोलणार. बोलल्या की तुम्हाला इथे परकं वाटणार. परकं वाटलं की तुम्ही जाणार, जसे सगळे गेले. "बाळ इथे राहिलं पाहिजे," असं ती म्हणाली होती. मुक्ता ओली बाळंतीण होती, घाबरलेली होती, ती हो म्हणाली. नाताळात मुलगा आला. गावात त्याला सगळ्यांनी तेच सांगितलं, की असुंताला आता दिसत नाही, ज्या घडांची गावाने इतकी वर्षं वाट पाहिली तेच तिने कुजवले. तो म्हणाला, उद्या गॅस चालू ठेवेल. जानेवारीत घेऊन गेला; मला तेव्हा मुक्ताने, वय झालं म्हणून नेलं, एवढंच सांगितलं होतं. गाडीत बसताना असुंताने मुक्ताकडे बघून ओठांवर बोट ठेवलं होतं.

आणि आता, ती गेल्यावर, मुलगा घर आवरायला आला. खुंटीवरचा निळा एप्रन त्याने मुक्ताला दिला, आठवण म्हणून. मुक्ताने खिशात हात घातला तर दोऱ्याचा गोळा. पांढरा, रिळाचा, ठिकठिकाणी माझ्या गाठी. लॅबमध्ये बाटल्यांची लेबलं बांधून बांधून मला एक दुहेरी गाठ मारायची सवय आहे, मुक्ता लहानपणापासून ती ओळखते. म्हणाली, "आई, तुझ्या गाठी आहेत ह्या. मला आता झेपत नाहीये."

दोरा वाचवत नव्हती ती. मला वाचवत होती. मी तिच्या शेजारी उभी होते, तिचे हात बघत होते, आणि मला समजलं नाही.

मी मुक्तावर ओरडले. आठ वर्षं गप्प बसलीस, असं म्हणाले. ती म्हणाली, "सांगून काय झालं असतं? तू तिथे झुरत बसली असतीस." मी म्हणाले, झुरले असते. तेवढं तरी केलं असतं. फोन ठेवल्यावर मला संजूच्या बागेतल्या सावित्रीबाई आठवल्या. त्या सुरगाण्याकडच्या, दरवर्षी छाटणीला आणि तोडणीला येतात, निम्मा पाडा बरोबर घेऊन. मी एकदा त्यांना विचारलं होतं, मागे गावात कोण असतं. म्हाताऱ्या गं, म्हाताऱ्या आन् कोंबड्या, असं काहीतरी म्हणून त्या हसल्या होत्या, आणि मीही हसले होते. द्राक्षं आमच्या ताटात येतात तेव्हा कोणत्या तरी डोंगरावर दारं लावलेली असतात, हे मी दोन ठिकाणी बघितलं आणि दोन्ही ठिकाणी माझं लक्ष घडावरच्या धुळीकडे होतं.

दोन दिवस मी काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मुक्ताने असुंताच्या कागदाचा फोटो पाठवला, भिंतीवरचा. काळी चौकट, हसरा चेहरा, नाव. शेजारी दोन हात जागा मोकळी होती. ती मोकळी जागा बघता बघता मी उठले, संजूच्या क्रेटवरचा कोरा पुठ्ठा बाजूला केला, पॅड घेतलं आणि लिहिलं. मग फोन करून अमेयला म्हणाले, याचं इटालियन कर आणि भिंतीवर लाव.

माझा जावई शहाणा आहे, त्याने शांतपणे सांगितलं, की आई, आम्हाला इथे राहायचंय. रेवाची शाळा खाली आहे पण तिची माणसं ही आहेत. असुंताला ज्याची भीती होती तेच आपण आपल्या हाताने करायचं का? ती गेली, आता तिला काय फरक पडतो? तो चूक नव्हता. मग मागून मुक्ताचा आवाज आला. "लाव रे. तिचा फोटो लागलाय तिथे आणि खाली लोक काय बोलतात, मी रोज ऐकतेय."

कागदावर एवढंच होतं: "मी रेवाची आजी, नाशिकहून. रेवाच्या पिंपाची द्राक्षं असुंताने नाही, मी खराब केली. मी ती मिठाच्या पाण्यात धुतली, ओली टांगली आणि खिडकी लावून घेतली. असुंताने माझा दोष स्वतःवर घेतला. त्याच दिवशी ती डोळे दाखवून आली होती आणि डॉक्टरांनी डोळे चांगले असल्याचं सांगितलं होतं. याला मी साक्षीदार आहे. मी तुमची आणि तिची माफी मागते." खाली माझं नाव आणि गाव.

काल दुपारी फोन वाजला. इथे तीन वाजले होते, म्हणजे तिथे ब्रेडची गाडी येण्याची वेळ. रेवा होती. तिचं मराठी छान आहे, फक्त जिथे नको तिथे लांबवते. तिने आधी विचारलं, "आजी, तू द्राक्षं का धुतलीस?" चिडून नाही, खरंच कळत नव्हतं तिला. मी म्हणाले, मला वाटलं तुझ्यासाठी आहेत तर स्वच्छ हवीत. ती म्हणाली, "पण द्राक्षं स्वच्छच असतात." मी म्हणाले, हो बाळा, आता कळलं.

मग तिने सांगितलं. सगळे भिंतीपाशी जमले होते. ज्यांचे चष्मे घरी राहिले होते त्यांच्यासाठी पिएत्रोने कागद मोठ्याने वाचला. एकदा वाचला आणि मग कोणी म्हणालं म्हणून परत वाचला. ब्रेडवाला गाडी बंद करून खाली उतरला होता. एका आजीने मिठाच्या पाण्यात का, असं विचारलं. मग त्यातल्या दोघी आमच्या दारापाशी आल्या आणि मुक्ताच्या गालाला गाल लावून गेल्या. मी विचारलं, आणि पिएत्रो? पिएत्रो काही म्हणाला का?

रेवा म्हणाली, त्याने टोपी काढली आणि असुंताच्या फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे असुंताला दिसत होतं."